चारशे रुपयांचा काटा आणि सोलापुरी ताट

वजन उतरवायचं ठरवून फोनमध्ये कॅलरीचं ॲप घेतलं की पहिल्या दिवशी एक आकडा मिळतो. कुणाला १,७५०, कुणाला २,१००. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर खरी अडचण येते. ॲपमध्ये ‘भाकरी, १ नग’ असं लिहिलेलं असतं. केवढी, कुणाच्या हातची, मऊ की कडक, याचा पत्ता नाही. सोलापुरात तर हा फरक सोडून चालतच नाही.

ही पारख त्या अडचणीवरच्या वस्तूची आहे. स्वयंपाकघरात वापरायचा साधा डिजिटल काटा, साधारण तीनशे ते पाचशे रुपयांत मिळणारा, एका ग्रॅमपर्यंत मोजणारा, पांढऱ्या प्लास्टिकचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. या किमतीतले बहुतेक काटे आतून सारखेच असतात, वरचं नाव तेवढं बदलतं, म्हणून एखाद्या कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. सोबत चरबी दाखवणारा पायाखालचा काटा आणि ॲप यांनाही तपासलं आहे, कारण आकडा या तिघांनी मिळून ठरतो. आमचं मत आधीच सांगतो: स्वयंपाकघरातला काटा जरूर घ्या, ॲप फुकटचं पुरे, आणि चरबीच्या काट्यावर जादा पैसे घालू नका.

घेताना दुकानातच बघायचं

नवी पेठेत घ्या, मधल्या मारुतीच्या बाजारात घ्या की ऑनलाइन मागवा, तपासणी एकच. दहा रुपयांची दहा नाणी खिशात ठेवा. ती मिळून साधारण ७७ ग्रॅम भरतात. काटा ७६ ते ७८ दाखवत असेल तर ठीक. मग तीच नाणी तबकाच्या चारही कडांना सरकवून ठेवा. मधे ७७ आणि कडेला ८१ असं होत असेल तर तो काटा परत करा. घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा करता येते. मेडिकलमधून १० मिलिची सुईविना सिरिंज आणा आणि वाटी ठेवून शून्य केलेल्या काट्यावर दहा वेळा भरून पाणी सोडा. १०० ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा.

वाण्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. घरगुती काट्याला तो नसतो आणि लागतही नाही. मात्र याच काट्यावर कुणी चटणी तोलून विकत असेल तर ते नियमात बसत नाही.

या काट्याचे दोष माहीत असले की त्रास होत नाही. तबकाखाली धातूची छोटी पट्टी असते. वजनानं ती केसभर वाकते आणि त्या वाकण्यावरून आकडा येतो. त्यामुळे काट्यावर पिठाचा डबा रात्रभर ठेवला किंवा तो हातातून पडला की पुढे तो खोटं बोलायला लागतो. पाच ग्रॅमच्या खाली त्याच्यावर भरवसा नाही. मीठ-हळद मोजायची हौस असेल तर हा काटा कामाचा नाही. शून्याच्या आसपास तो स्वतःला सारखा शून्यावर आणत राहतो, म्हणून वाटीत थेंब थेंब तेल सोडलं किंवा चिमूट चिमूट साखर टाकली तर काही ग्रॅम तो चक्क गिळतो. उपाय सोपा आहे. वाटी उचलायची आणि पुन्हा ठेवायची, आकडा खरा येतो.

गरम पातेलं थेट ठेवलं तर प्लास्टिक मऊ होतं आणि आकडाही घसरतो. खाली पोळपाट ठेवून मग शून्य करावं. आणि डोक्यावर पंखा फुल्ल असेल तर रुंद ताटाचं वजन एक-दोन ग्रॅमनं नाचतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे भांडण काढणं, तेव्हा ताटाऐवजी वाटीत मोजा.

भाकरी, चटणी आणि तेल

आता काट्याचा उपयोग. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३५ कॅलरी धराव्यात. मालदांडी असो की मंगळवेढ्याची, या हिशोबात फरक पडत नाही. ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे २०० कॅलरी. तव्यावरून उतरलेली मऊ भाकरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिचं वजन ९० ते ९५ ग्रॅम भरतं. तेच पीठ पातळ थापून, भाजून, वाळवून कडक भाकरी केली की पाणी उडून जातं आणि वजन जवळपास मूळ पिठाइतकं, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास उरतं. कॅलरी तेवढ्याच, दोनशे. म्हणून मऊ भाकरीचे ग्रॅम गुणिले २.१ आणि कडक भाकरीचे ग्रॅम गुणिले ३.४, हे दोन गुणाकार फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. ॲपमधली ‘ज्वारी भाकरी, १०० ग्रॅम’ ही नोंद सहसा मऊ भाकरीची असते. त्यात १०० ग्रॅम कडक भाकरी टाकली की ३४० ऐवजी २१० कॅलरी लिहिल्या जातात. वर कडक भाकरी हलकी, कुरकुरीत, ‘डाएटची’ वाटते. आमटीत किंवा दुधात कुस्करली की दोन भाकऱ्या वाडग्यात कधी विरघळल्या ते कळतही नाही. पुडक्यातली कडक भाकरी घेत असाल तर मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमचा आकडा बघा. ‘एका सर्व्हिंग’चा बघू नका; सर्व्हिंग किती ग्रॅमची ते कंपनी ठरवते.

शेंगा चटणीला मोजमापात सूट नाही. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ५२० ते ५६० कॅलरी असतात. लसूण, मिरची, जिरं, मीठ यांचा वाटा काढला तरी चटणीचे १० ग्रॅम म्हणजे ५० कॅलरी. पोह्याच्या चमच्यानं शीग लावून घेतलेली चटणी १५ ग्रॅमच्या आसपास भरते. तीन चमचे झाले की सव्वादोनशे, म्हणजे भाकरीपेक्षा जास्त. त्यावर तेलाची धार, एक मोठा चमचा, की आणखी १२०. चटणी सोडा असं कुणी म्हणत नाही. शेंगदाणा हे चांगलं अन्न आहे आणि त्यात प्रथिनंही बरी आहेत. फक्त ती तोंडीलावणं म्हणून मोजणीतून निसटते. दह्यात कालवून घेतली तर तेलाची धार वाचते. गाईच्या दुधाच्या दह्याचे दोन मोठे चमचे वीस कॅलरीच्या आत बसतात.

तेल कढईत मोजता येत नाही, म्हणून बरणी मोजायची. फोडणीआधी तेलाची बरणी काट्यावर ठेवा, शून्य करा, तेल ओता, बरणी परत ठेवा. काटा उणे ३८ दाखवत असेल तर ३८ ग्रॅम तेल गेलं. प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४२. जेवणारे चार असतील तर माणशी ८५. काटा दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होतो आणि शून्य विसरतो, तेव्हा शून्य करण्याऐवजी बरणीचं सुरुवातीचं वजन कागदावर लिहिणं जास्त खात्रीचं. एवढाही खटाटोप नको असेल तर महिन्याचा हिशोब करा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे ८,२०० कॅलरीच्या जवळपास. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर लागत असेल तर माणशी रोजच्या पावणेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. वाण्याच्या बिलावरून निघणारा हा आकडा ॲपमधल्या ‘१ टीस्पून’पेक्षा खरा असतो.

आमटी-भाजीसाठी पातेल्याची युक्ती. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा घेऊन फडताळाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. समजा १२० ग्रॅम तूरडाळ, १५ ग्रॅम तेल, १० ग्रॅम गूळ. डाळीचे सुमारे ४००, तेलाचे १३५, गुळाचे ३५, एकूण ५७०. शिजल्यावर पातेलं वजा करून आमटी ९५० ग्रॅम भरली, तर ग्रॅमला ०.६ कॅलरी. आपली १८० ग्रॅमची वाटी झाली १०८ ची. आमटी पातळ केली की हाच आकडा खाली येतो, हे सांगायला ॲप लागत नाही. भाताचं तसंच. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा २८० ते ३०० ग्रॅम भात होतो. ॲपमध्ये ‘राइस १०० ग्रॅम’ दिसला तर कच्चा की शिजलेला ते बघितल्याशिवाय बोट लावू नये; चूक झाली तर आकडा तिप्पट किंवा तिसरा हिस्सा होतो.

पालेभाजी, काकडी, टोमॅटो, कांद्याची पात मोजत बसू नका. शंभर ग्रॅम मेथीच्या कॅलरी त्या मेथीच्या फोडणीपेक्षा कमी असतात.

शेंगा पोळीचं एवढंच सांगतो. २० ग्रॅम पीठ, २० कूट, २० गूळ अशी छोटी पोळी २४० च्या घरात जाते, तुपाविना. हुरड्यात पाणी असल्यामुळे ग्रॅममागे तो वाळलेल्या ज्वारीपेक्षा हलका असतो. आकडा वाढतो तो सोबतच्या चटणीनं, शेवेनं आणि गुळानं. हुरडा पार्टीत काटा नेऊ नये. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतही नको. त्या दिवशी अंदाजे लिहा किंवा रकाना रिकामा सोडा.

ॲप जो आकडा देतं तो येतो कुठून

बहुतेक ॲप १९९० सालचं मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र वापरतात. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असेल तर ५ मिळवा, बाई असेल तर १६१ वजा करा. हा झाला बीएमआर, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणारी ऊर्जा. ४२ वर्षांची, ६८ किलो, १५५ सेंटिमीटर उंचीची बाई घेतली तर ६८० + ९६९ − २१० − १६१, म्हणजे १,२७८.

इथवर ठीक आहे. पुढे ॲप विचारतं, ‘तुम्ही किती ॲक्टिव्ह आहात?’ आणि सगळी गडबड त्या एका बोटात होते. बैठं म्हटलं तर १.२ नं गुणून १,५३३. थोडं हलतं म्हटलं तर १.३७५ नं १,७५७. मध्यम म्हटलं तर १.५५ नं १,९८१. त्याच बाईच्या गरजेत साडेचारशे कॅलरींचा फरक, आणि वजन कमी करायला आपण काढतो त्या तीनशे ते पाचशे. म्हणजे चुकीचा पर्याय दाबला की कपात सगळी त्यातच गेली.

आमचा सल्ला, दमण्यावरून पर्याय निवडू नका. दिवसभर बसून विड्या वळणारी बाई संध्याकाळी मानेनं-पाठीनं पिळून निघते, पण शरीर बसलेलंच असतं. ऊर्जेच्या हिशोबात ते हलकं काम. यंत्रमागावर पाळीभर उभं राहून मागांमध्ये फेऱ्या मारणाऱ्याचं काम त्याहून वरच्या पायरीचं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती चालून येणारा माणूस १.५५ मध्ये जात नाही, १.३७५ मध्येच राहतो. शंका असेल तर खालचा पर्याय घ्या.

आपल्याकडचे आकडेही समोर असावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २,११० आणि ५५ किलोच्या बाईला १,६६० कॅलरी धरल्या आहेत. मध्यम श्रमाला अनुक्रमे २,७१० आणि २,१३०. परदेशी सूत्रं भारतीयांसाठी थोडी वर जातात हे आयसीएमआरनंही मानलं होतं. २०१० च्या शिफारशींत बीएमआर आंतरराष्ट्रीय सूत्रापेक्षा ५ टक्क्यांनी कमी धरला होता.

ॲपमध्ये दोन गोष्टी लगेच बंद कराव्यात. एक, व्यायामाच्या कॅलरी परत जमा करणं. चालणं १.३७५ मध्ये धरलेलंच आहे. घड्याळानं दाखवलेले ३०० पुन्हा मिळवले की तेच दोनदा मोजलं जातं, आणि मनगटावरचं घड्याळ तसंही बरंच उदार असतं. दुसरी, कुणीही भरलेल्या नोंदींवर विश्वास. पडताळा सोपा आहे. प्रथिनं गुणिले ४, कर्बोदकं गुणिले ४, स्निग्ध गुणिले ९, तिन्हींची बेरीज कॅलरीच्या जवळ आली पाहिजे. ‘शेंगा चटणी, १ चमचा, २५ कॅलरी, फॅट ६ ग्रॅम’ अशी नोंद दिसली तर नुसत्या स्निग्धाचेच ५४ होतात. ती नोंद सोडा, स्वतःची करा. नेहमीचे पंधरा-वीस पदार्थ एकदा बसून भरले की पुढे वर्षभर काम होतं. पैसे भरून घ्यायच्या योजनेत यापेक्षा वेगळं काही हाती लागत नाही.

पायाखालचा काटा

हजार-दीड हजाराचे काटे चरबी, स्नायू, पाणी, ‘शरीराचं वय’ असे दहा-बारा आकडे दाखवतात. तळपायातून बारीक विद्युतप्रवाह सोडून अडथळा मोजायचा आणि वय-उंची घालून सूत्रानं चरबी काढायची, असं ते यंत्र. पाणी कमी प्यायलं, घाम गेला, टाचांना भेगा असल्या, पाय ओले असले की चरबीचा टक्का बदलतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ वेगळा आकडा येणारच. त्यावर दिसणारा ‘बीएमआर’ मोजलेला नसतो, तोही सूत्राचाच. पेसमेकर बसवलेल्यांनी हा काटा वापरू नये, गरोदर बायकांनीही टाळावा. नुसतं वजन दाखवणारा, ५० किंवा १०० ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा निम्म्या पैशांत मिळतो आणि कामाला तोच पुरतो.

तो ठेवायची जागा मात्र नीट निवडा. शहाबादी फरशी बऱ्याच घरांत खालीवर असते. चारातला एक पाय अधांतरी राहिला की किलोभर फरक पडू शकतो. सपाट फरशी शोधून तिथे खूण करा, खाली चटई नको. जागेवरून हलवलेला काटा पहिल्यांदा चुकीचा आकडा देतो, म्हणून एकदा पाय देऊन उतरा, शून्य येऊ द्या, मग उभे राहा. वेळ सकाळची, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. स्टेशनवरच्या दिव्यांच्या मशिनवर चपला-पिशवीसकट काढलेलं तिकीट गमतीपुरतं ठीक.

तिन्ही एकत्र लावल्यावर

पहिला आठवडा सोडून द्या. मीठ आणि कर्बोदकं कमी झाली की शरीरातलं पाणी जातं आणि दीड किलो उतरल्याचा भास होतो. दुसऱ्या आठवड्यापासून रोजचं वजन लिहा आणि सात दिवसांची सरासरी काढा. त्यानंतर चार आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची सरासरी. मधे २८ दिवस घेण्याचं कारण हे की पाळीच्या आधी बायकांच्या अंगात पाणी धरतं. महिन्याच्या त्याच टप्प्याशी तुलना झाली पाहिजे.

मघाच्याच बाईंचं उदाहरण. सरासरी खाणं रोज १,४८०, वजनाची सरासरी ६८.४ वरून ६७.६. कमी झालं ०.८ किलो. एक किलो चरबीला ७,७०० कॅलरी धरतात, म्हणून ०.८ गुणिले ७,७०० बरोबर ६,१६०, भागिले २८ बरोबर २२०. खाल्लेले १,४८० अधिक २२०, म्हणजे या बाईंची खरी गरज रोज १,७००. ॲपनं १,७५७ सांगितलं होतं. पुढचा हिशोब १,७०० वरून करायचा. वजन पाच-सहा किलो उतरल्यावर पुन्हा एकदा, कारण हलक्या शरीराला कमी लागतं आणि जुना आकडा धरून बसलं की वजन ‘अडकलं’ असं वाटतं.

महिनाभर मोजूनही वजन जागचं हलत नसेल तर थायरॉइडच्या आधी तीन जागा बघा: तेलाची बरणी, चटणीचा चमचा आणि चहा. म्हशीचं १०० मिलि दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे एक कप दीडशेच्या घरात. असे चार कप म्हणजे तीन भाकऱ्या.

बायकांनी १,२०० च्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस बदलून घ्यावा लागू शकतो, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि वाढत्या मुलांसाठी ही मोजणी नाही. घास मोजता मोजता जेवणाचीच भीती बसायला लागली तर काटा कपाटात ठेवून द्या.

देखभालीचं राहिलं. ज्वारीचं पीठ तबक आणि अंगाच्या फटीत जाऊन बसतं आणि तबक खाली टेकायला लागतं. मग आकडा एका जागी अडकतो आणि लोक सेल बदलत बसतात. नळाखाली धुवू नका. उलटा करून जुन्या दात घासायच्या ब्रशनं फट झाडा, कोरड्या फडक्यानं पुसा. सेल उतरले की आकडा आधी थरथरतो आणि मग दिसेनासा होतो, तेव्हा थरथर दिसली की दोन्ही सेल एकदम बदला. त्यानंतर दहा नाणी पुन्हा ठेवा. ७७ आले की पीठ मोजायला घ्या.